बारा पिवळी डोकी

बाराव्या पाहुण्याने पोह्यांबरोबर हिरवी मिरची मागितली, तीही मराठीत.

"मिरची हाय काय वहिनी? नायतर पोहे गोड लागतात."

समिधावहिनी मिरची आणायला उठल्या. सुजीतच्या हातातला चहा मात्र तोंडाशी येऊन थांबला. हॉलंडहून सायकल सहलीवर आलेल्या बारा पाहुण्यांचा तो गाईड. सकाळी बोईसरहून निघून, सारखं मोजत मोजत, त्याने त्यांना माहीम गावात समिधावहिनींच्या या वाडीत नाश्त्याला आणलं होतं. वाटेत पाच वेळा मोजलं. पाचही वेळा बारा भरले. आताही बाराच होते. फक्त त्यांतल्या एकाने चपला पायरीखाली काढल्या होत्या आणि तो मांडी घालून बसला होता.

"तू कोण?"

"रामा. पयली शिफ्ट."

"मग इथं काय करतोस?"

"तुमीच शिट्टी मारलीत. हात करून चला चला बोललात. मला वाटलं, कंपनीने आज दुसरीकडं काम काढलं."

सगळा घोळ हेल्मेटांचा. मुंबईच्या सहल कंपनीने पाठवलेली हेल्मेटं वेळेवर पोचली नाहीत, तेव्हा सुजीतने बोईसरच्या बाजारातून बारा पिवळी हेल्मेटं उचलली. कारखान्यात घालतात तीच. स्वतःच्या हुशारीवर तो बेहद्द खूश होता, कारण मोजणं सोपं झालं. पिवळं डोकं दिसलं की तो पाहुणा. मग सातला पाच कमी असताना सालवडजवळ पहिल्या शिफ्टच्या सायकली आल्या, रस्ताभर पिवळ्या डोक्यांच्या. त्या गर्दीत एक पाहुणा तिकडे गेला आणि एक कामगार इकडे आला. हिशेब बरोबर राहिला.

उरलेल्या अकरा पाहुण्यांना रामा दुसरा गाईडच वाटला होता. फोटो त्याचेच जास्त काढले होते.

हरवला होता तो हेंक. सहासष्ट वर्षांचा, हसरा, कुणीही चला म्हटलं की चालू लागणारा. पाहुणा हरवला म्हणजे सुजीतची नोकरी गेली, आणि नोकरी गेली म्हणजे परत कारखाना. दोन वर्षं तिथे प्लास्टिकच्या डब्यांना झाकणं लावून तो इतका विटला होता, की घरी स्वतःच्या जेवणाच्या डब्यालाही झाकण लावेना. काम सोडताना सुपरवायझर प्रदीप म्हणाला होता, "परत येशील बघ. तुझं हेल्मेट मी ठेवून देतो." त्या फाटकातून पुन्हा आत पाऊल टाकणार नाही, अशी सुजीतने त्याच दिवशी शपथ घेतली होती.

"तुझी कंपनी कुठली?" त्याने रामाला विचारलं.

"ती झाकणवाली."

सुजीतने फोन काढला. प्रदीपचा नंबर त्याला अजून पाठ होता.

"प्रदीपदादा, तुमच्याकडं माझा एक माणूस आलाय."

"माझ्या लाइनीवर बारा पायजेत, बारा हायत."

"त्यात एक गोरा हाय."

"मी केबिनमधून मोजतो रे. वरून सगळे पिवळेच दिसतात." फोनमधून जिना उतरल्याचा आवाज आला, मग बराच वेळ नुसता मशीनचा. "हाय. रामाच्या जागेवर उभा हाय. मला वाटलं, रामाने बदली पाठवला. बोलत नाय, तंबाखू मळत नाय, झाकणं सरळ लावतो. असा माणूस मला मिळत नाय."

"त्याला बाहेर बसवा. मी घ्यायला येतो."

"हाताने सांगून बघितलं. यायला तयार नाय."

फोन हेंककडे गेला. तो आनंदाने ओरडत होता. सहलीच्या छापील कार्यक्रमात आजच्या तारखेपुढे 'स्थानिक लोकांच्या जीवनात सहभाग' असं लिहिलंच होतं, पण ते इतकं खरं निघेल असं त्याला वाटलं नव्हतं. शिफ्ट सुटेपर्यंत राहू द्या, एवढीच त्याची विनंती होती. चहाला दहाच मिनिटं मिळाली, ही एकुलती एक तक्रार.

सुजीतला हसावं की रडावं कळेना. ज्या कामातून सुटण्यासाठी त्याने गळ्यात शिट्टी अडकवली, ते काम हा माणूस विमानाने येऊन, वर पैसे भरून करत होता.

"भाऊ, माझा खाडा लागला काय?" रामाने भीत भीत विचारलं. वर्षभरात तो एकही दिवस गैरहजर नव्हता.

"नाय. तू कामावर हायस."

रामाने बशी पुढे केली. "मग वहिनी, अजून थोडे पोहे."

संध्याकाळी मुंबईहून सहल कंपनीच्या रुचितामॅडमचा फोन आला. सुजीतने तो उभं राहून घेतला. हेंकचा मेल त्यांना पोचला होता. सुजीत माफी मागायला सुरुवात करणार, तोच त्या म्हणाल्या, "हा मेल मी पुढच्या तुकडीला पाठवला. बाराही जणांना हेच हवंय. तिथे आत कुणी ओळखीचं आहे का तुमच्या?"

प्रदीप लगेच तयार झाला. "बारा आणशील तर मी माझे बारा पगारी सुट्टीवर सोडतो. पण त्यांना समजवायला तू आत पायजे."

पुढच्या महिन्यातला एक सोमवार, सातला पाच कमी. सुट्टी मिळालेले बारा कामगार फाटकाबाहेर सायकली घेऊन उभे होते. ते माहीमला पोहे खायला निघाले होते. सुजीतची शिट्टी आता रामाच्या गळ्यात होती. रामाने ती जोरात मारली, हात केला, चला चला म्हणाला, आणि सगळे त्याच्यामागून गेले. सुजीत ते दिसेनासे होईपर्यंत बघत राहिला. मग पाहुण्यांना घेऊन फाटकातून आत शिरला.

प्रदीप आज केबिन सोडून खाली आला होता. त्याने बोट नाचवत एकेक डोकं मोजलं.

"तेरा," तो म्हणाला, आणि सुजीतचं जुनं हेल्मेट त्याच्या हातात ठेवलं.