गोडीगुलाबी

कॉलेजातून आला की लेक खोलीचं दार लावून बराच वेळ कुणाशी तरी गोड गोड बोलत बसायचा. आईच्या मनात पाल चुकचुकली. कोण असेल ती? एका संध्याकाळी न राहवून तिने दाराला कान लावला.

"घाबरू नका. चुकलं तर चुकू दे, पुन्हा करू."

तिने दार ढकललं. लॅपटॉपवर पांढऱ्या केसांची एक बाई हातातल्या फोनशी झगडत होती.

"वयस्कर माणसांना मोबाईल शिकवतो मी, ऑनलाइन. पैसे मिळतात," माईक बंद करून तो पुटपुटला.

आईचा जीव भांड्यात पडला. ती निघाली, पण दारातच थांबली.

"परवा मी फोटो कसा पाठवायचा विचारलं, तर केवढा खेकसलास माझ्यावर. तासाचे किती घेतोस, सांग. मीही देईन."