शेपटीवाली भगर

कोलोरॅडोत दहा हजार फुटांवरच्या केबिनमध्ये सासूबाईंना चक्कर येत होती आणि त्यात त्यांची एकादशी. एवढ्या उंचीवर उपाशी राहू नका, असं डॉक्टरांनी फोनवर बजावलं, तरी त्या ऐकेनात. साबुदाणा डेन्व्हरच्या घरीच राहिलेला. देवयानीकडे होता फक्त अँडीजच्या डोंगरातला किन्वा, भगरीसारखं बारीक पण उपासाला न चालणारं धान्य. तिने तो जिरं, मिरची आणि दाण्याचं कूट घालून शिजवला, तर किन्व्याच्या दाण्यांना बारीक शेपट्या फुटल्या.

"आई, भगर केलीय," ती नजर चुकवत म्हणाली.

सासूबाईंनी दोन वाट्या संपवल्या. चेहऱ्यावर तरतरी आली, तसा देवयानीचा जीव भांड्यात पडला.

"देवयानी, भगरीला शेपट्या नसतात गं."

देवयानी गोरीमोरी झाली.

"अगं, सकाळपासून वाट बघतेय, कधी एकदा फसवतेस मला!"