उसने दात

"सांगून कुणाला पटायचं न्हाय, पण लाडू बाळानंच खाल्ला. ह्या डोळ्यांनी बघितलंय," सयाजीआबा म्हणाले आणि खुर्चीत मागं रेलले.

पाळण्यातल्या बाळाचं अजून बारसंही झालं नव्हतं. त्यानं जांभई दिली.

सुनेची, स्वप्नालीची, नजर आबांच्या मिशीवर गेली. साखरेच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाच्या मिशीत खोबऱ्याचा कीस सापडतोय का, ते ती बघत होती.

"मिशीत काय न्हाय," आबा म्हणाले. "पायजे तर विंचरून बघ."

"मिशी कशाला विंचरायची? चोर कोण त्ये मला ठावं हाय," पाळण्याची दोरी हलवत स्वप्नालीच्या सासूबाई, चिमणाबाई, पदराआडून बोलल्या आणि त्यांनी बोट दाखवलं ते थोरल्या नातीकडं. साडेतीन वर्षांची तेजस्वी टाचा उंचावून बाळाच्या नाकपुडीत काय आहे ते बघत होती.

दुसरीही मुलगीच, म्हणून कुणी नाक मुरडायच्या आत चिमणाबाईंनी सुनेसाठी डिंक तळायला घेतला होता. खारीक, खोबरं, खसखस, तूप, कशातच हात आखडला नाही. लाडू ठेवले फळीवरच्या, आपल्या सासूच्या पितळी डब्यात. सासू होती तोवर त्या डब्याला कुलूप असायचं. ती गेल्यावर चिमणाबाईंनी आधी ते काढून फेकलं. आणि आता रोज एक लाडू कमी होत होता. आज तर पाळण्यातल्या दुपट्यावर खसखस सांडलेली.

"आज दुपट्यावर हाय, उद्या बाळाच्या नरड्यात जाईल," चिमणाबाई म्हणाल्या. "तेजूचा मामा सांजंला गाडी घेऊन येतोय. बाळ बसाय लागंपातूर ही मलकापूरला ऱ्हाईल."

तेजूची पिशवी दाराशी भरून ठेवलेली होती. आबांना त्या पिशवीकडं बघवत नव्हतं. त्यांचा जन्म बिद्रीच्या साखर कारखान्यात गेला, आणि गप्पा मारण्यात. पण आता मंगळवार पेठेत त्यांचं ऐकायला कुणी उरलं नव्हतं. ते बोलू लागले की मुलगा कानात वायरी घालायचा. कट्ट्यावरच्या मंडळींना एकदम घरची कामं आठवायची. तेजू तेवढी समोर बसून "मग?" विचारायची. ती गेली की घरात "मग?" विचारणारं कुणीच नाही.

खरं तर संशय आबांनाही तिचाच होता. आत कोण बसलंय ते बघायला बाळाचा डोळा उघडणारी पोर, तिनं डबा उघडला नसेल कशावरून? म्हणून तर त्यांनी बाळाचं नाव घेतलं. बाळाला कोण मलकापूरला धाडणार?

"मग?" तेजूनं विचारलं.

"मग काय! दुपारी सगळी निजली की बाळ उठतंय. दुपट्याची गाठ सोडतंय, दोरीला धरून सरसर खाली येतंय आन् तिथनं फळीवर उडी! लाडू घेतंय आन् पाळण्यात येऊन कुरुम कुरुम खात बसतंय."

"दुपारभर पाळण्याजवळ मी असते की," चिमणाबाई म्हणाल्या.

"तू घोरत असतीस."

स्वप्नालीला हसू आवरेना. तेजू मात्र हसली नाही. तिनं पाळण्यात हात घातला, बाळाचा ओठ बोटानं वर केला आणि आत वाकून बघितलं.

"आबा, ह्येला दात न्हाईत."

आबा लगेच खुर्चीत पुढं सरकले.

"उसनं घेतंय. लाडू खायापुरतं. झालं की गुमान जागच्या जागी."

"कुणाचं घेतंय?"

"त्ये बाळालाच इचार."

तेजूनं बाळाला विचारलं नाही. तिनं आधी आबांचा पुढचा दात धरून ओढला. आबा अजून ऊस दातानं सोलायचे. दात हलला नाही. मग तिनं आईच्या तोंडाकडं बघितलं, आणि एकदम काहीतरी आठवल्यासारखी आतल्या खोलीत पळाली.

"ए, तिकडं कुठं चाललीस?" चिमणाबाई ओरडल्या. शब्दांतून नुसती हवा सुटली.

तेजू परत आली ती दोन्ही हातांत स्टीलची वाटी धरून, पाणी सांडत.

"घावलं! आबा, घावलं! बाळ ह्येच घेतंय!"

वाटीत आजीची कवळी होती. दाढांच्या फटीत खोबरं अडकलं होतं. पाण्यावर खसखस तरंगत होती.

पाळण्याची दोरी थांबली. जेवणापासून बायकोच्या तोंडावरचा पदर खाली आलेला नाही, हे आबांच्या आत्ता ध्यानात आलं. स्वप्नाली वाटीकडं बघत होती, मग सासूकडं, मग परत वाटीकडं. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं. आबांनी खाकरून घसा साफ केला.

"सांगून कुणाला पटायचं न्हाय," ते म्हणाले, "पण ही कवळी हाय न्हवं, ती दुपारची आपली आपण वाटीतनं उठती, आन्..."

"मग?" तेजू म्हणाली.

"खोटं!"

चिमणाबाईंनी पदर खाली सोडला. सुनेसमोर त्यांचं बोळकं पहिल्यांदाच उघडं पडलं होतं.

"कवळी मी लावली, लाडू मी खाल्ला. रोज खाल्ला. पोरीवर आळ घेतला त्ये माझं चुकलंच. पण चार बाळंतपणं झाली माझी ह्या घरात, ह्योच डबा फळीवर हुता, आन् तुमच्या आईनं एक लाडू माझ्या हातावर ठेवला न्हाय. तवा का न्हाय हो सांगितलीसा तिला असली एखादी गोष्ट?"