स्थिर वस्तू

"हा दिवाणावर लोळून राहिलेला माणूस कोन हाये, मॅडम?"

भैयाजींनी ड्रॉइंगचा कागद झेंड्यासारखा वर धरला. कागद घरच्या भिंतीवरून ओढून आणला होता. चिकटपट्टीसोबत रंगाची खपलीही निघून आली होती. नंदनवन वस्तीतल्या त्या शिकवणी वर्गात नववीची पोरं माना खाली घालून हसू दाबत होती, कारण माणूस ओळखू येत होता. तेच टक्कल. तीच झुपकेदार मिशी. बनियनमधून डोकावणारं तेच पोट. पोटावर टीव्हीचा रिमोट, आणि मिशीच्या टोकावर एक माशी, माहेरी आल्यासारखी निवांत.

दारातला माणूस मात्र चित्राइतका निवांत नव्हता. दाढी वाढलेली, दोन पायांत दोन वेगळ्या चपला, आणि मार्चच्या उन्हातून आल्यामुळे डोळे सारखे मिचमिचत होते.

हर्षा मॅडम खुर्चीवरून उठल्या. वार्षिक परीक्षेच्या उजळणीसाठी चित्रांची ही वाट त्यांनीच काढली होती. धडा वाचायचा, पुस्तक मिटायचं, आठवेल ते रेघांत मांडायचं. 'शब्द थोडे, बाण फार, एका कागदात धडा पार,' असं त्या पोरांकडून घोकून घेत. चित्रात घरचीच माणसं घ्या म्हणाल्या होत्या. घरचं माणूस कुणी विसरत नाही. पोरांनी ते फारच मनावर घेतलं. रोहितने बहिर्गोल आरशापुढे मामीला उभं केलं होतं. त्यात प्रतिमा नेहमी लहानच दिसते, म्हणून मामी तिथून हलायला तयार नव्हती. मिनलच्या कागदावर आम्ल आणि आम्लारी या तिच्या दोन काकू होत्या. दोघी एकत्र आल्या की मीठ आणि पाणी तयार व्हायचं, म्हणजे डोळ्यांतलं.

"ते जडत्व आहे, भाऊ," मॅडम म्हणाल्या.

"मी हाये तो!"

आता मात्र वर्ग फुटला. भैयाजींचे कान लाल झाले.

"पोरगी अभ्यास करते म्हनून पाठवतो. अन् हे बापाचं कार्टून काढून राहिली! पेपरात काय हे चिकटवून येईन? चाल वं वैदेही, उचल दप्तर. उद्यापासून शिकवणी बंद."

वैदेही उभी राहिली. विज्ञानात काठावर पास होणारी ही पोरगी याच वर्गात पहिल्यांदा हात वर करायला शिकली होती. तिने दप्तराचा पट्टा धरला, पण उचलला नाही.

"न्या तुम्ही," मॅडम म्हणाल्या. "फक्त तिला एक प्रश्न विचारते. उत्तर नाही आलं, तर दप्तर मीच उचलून देते. वैदेही, पुस्तक नाही, वही नाही. गतीचा पहिला नियम."

वैदेहीने फळ्याकडे पाहिलंच नाही. ती बापाकडे पाहून बोलू लागली.

"बाह्य बल लागू झालं नाही, तर स्थिर वस्तू स्थिरच राहते. म्हणजे बाबा..."

"म्हणजे वस्तू," मॅडमनी दुरुस्त केलं.

"म्हणजे वस्तू दिवाणावर असली तर दिवाणावरच राहते. आईनं चहा आणला तरी राहते, चहाचं बल पुरत नाही. लाइट गेली, टीव्ही बंद पडला, तरी राहते. माशी बसली तरी राहते."

"आणि चालती वस्तू असली तर?" मॅडमनी विचारलं.

"ती चालतच राहते, मॅडम. तिले थांबवायलेही बल लागते."

भैयाजींनी कागद खाली घेतला. बराच वेळ पाहिला. मग बोट एका जागी टेकवलं.

"हा येवढा मोठा बाण मायाकडे येऊन राहिला. सगळ्याले नावं देल्ली, याच्यावर काहून काही लिहिलं नाही?"

"ते बाह्य बल आहे, बाबा. ते सापडत नव्हतं."

भैयाजींचा हात आपोआप हनुवटीवर गेला, वाढलेल्या दाढीवरून फिरला. त्यांनी कागदाची घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

"दप्तर ठेव खाली," ते म्हणाले. "मिशी चांगली जमली. पन माशी काहून बसवली वं? अन् दुसरा नियम काढशीन तवा मले उभा काढजो."

दाराशी ते थांबले. "मॅडम, सहाले येतो हिले घ्याले. आता आलोच हाओ तं चौकात दाढी करून घेतो."

ते गेल्यावर मॅडम वैदेहीच्या बाकाशी आल्या. आवाज मुद्दाम कडक केला.

"वडिलांना असं काढतात का गं? बिचारे केवढे चिडून आले! आणि काढलंस ते काढलंस, त्यांच्या नजरेस पडू कशाला दिलंस?"

वैदेही खिडकीतून पाहत होती. दोन वेगळ्या चपला चौकाकडे चालल्या होत्या.

"दिवाळीत काम सुटलं, तवापासून बाबा घराबाहेरच पडले नव्हते, मॅडम," ती म्हणाली. "दोनदा जागा बदलून चिकटवलं चित्र, तवा कुठं आज त्यांची नजर पडली."