नरसय्यांची वही

कॉम्प्युटर दुरुस्तीची कामं करणारी ऋतुजा दर सोमवारी आपल्या दुकानदार-कारखानदार गिऱ्हाइकांना व्हॉट्सअॅपवर कॉम्प्युटरची एक टिप आणि खाली पेठेतल्या बातम्या धाडायची. बातम्यांवर पटापट अंगठे यायचे. टिप मात्र कुणी मनावर घेत नाही, म्हणून ती कायम धुसफुसायची.

या सोमवारी बातमी होती भवानी पेठेतले चादरवाले नरसय्या गड्डम गेल्याची. चार दिवसांनी त्यांच्या सुनेचा, पद्मजाचा, फोन आला.

"ताई, मामांची समदी डिझाइनं कॉम्प्युटरात कुलपात हायत. माग बंद पडलेत. पासवर्ड त्यांनी कुणालाच सांगितला न्हाय की!"

ऋतुजा गेली, दुपारभर झटली. कुलूप तिनंच बसवलेलं, लई पक्कं, तिलाही उघडेना. शेवटी पद्मजानं मामांची वही आणून दिली. तीन वर्षांतली ऋतुजाची एकूण एक टिप त्यात सुवाच्य अक्षरात उतरवलेली होती. शेवटच्या पानावर 'पासवर्ड' असा शब्द दिसला आणि तिच्या जिवात जीव आला. पण पुढची अक्षरं कागद फाटेस्तोवर गिरगटून टाकलेली होती.

त्याखाली एकच ओळ होती:



"ऋतुजाताईंनी कळवलंय, पासवर्ड वहीतसुद्धा लिहू नये."