दहा नळ

दूध सोसायटीची टँकरगाडी सकाळीच शाळेच्या टाकीत रिकामी झाली होती. पाण्याला दुधाचा आंबूस वास होता. फाटकाबाहेर बायनाबाई आणि आणखी सात-आठ बाया घागरी घेऊन उभ्या होत्या. तपासणी झाल्यावर टाकीत उरेल ते त्यांचं.

तपासणीला आलेले साहेब वर्ग बघत होते, तेवढ्यात कौशल्यानं आपल्या लेकीला, मुक्ताला, खांबाआड घेतलं. कौशल्या शाळा समितीत होती, समितीत बी.ए. झालेली ती एकटीच.

"हात धुताना खाली ताट धरायचं न्हाई आज. पाणी वाहू द्यायचं."

"कावून?"

"साहेब बघणार हायत."

"साहेबाला वाहिलेलं पाणी आवडतंय?"

"गप. सांगितलं तेवढं कर."

दुसरीतल्या पोरीला याहून जास्त काय सांगणार? हात धुण्याच्या दहा नळांवर शाळेचा निकाल अडला होता. शाळा नापास झाली की ती तेलगावच्या शाळेला जोडणार, सहा किलोमीटरवर. मुक्ताच्या आजीला अंगणापुढं चालवत नव्हतं. दसरा झाला की कौशल्या नवऱ्यासोबत ऊसतोडीला जाणार. गावात शाळा राहिली तर मुक्ता आजीपाशी. नाही तर फडावर, धाकट्याला सांभाळत.

शहादेव सरांनी शिट्टी वाजवली. खिचडीआधी दहा पोरं दहा नळांपाशी गेली. नळ सुटले. फाटकाबाहेरचं बोलणं थांबलं.

नऊ पोरांनी साबण लावला, हात चोळले, पाणी वाहू दिलं. मुक्तानं एकदा आईकडं पाहिलं. मग काखेतलं ताट नळाखाली सारलं. घरी ती बाजेवर बसून अंघोळ करायची आणि बाजेखाली घमेलं असायचं. नळाखाली नुसते हात धरणं तिला जमलंच नाही.

साहेब खाली वाकले. "हे कशाला गं?"

"धुण्याला."

"इथं नळाला रोज पाणी येतं ना?"

"न्हाई. आज आलंय. गाडीनं."

साहेबांनी एकेक करत दहाही नळ स्वतः बंद केले. शेवटच्या नळाचा थेंब पडायचा थांबेपर्यंत तिथंच उभे राहिले.

"लिवा की साहेब, पाणी हाय म्हणून!" बायनाबाई फाटकावरून ओरडली. "तुमच्या बापाचं काय जातंय?"

"गेल्या साली एका गावात तसंच लिहिलं होतं, बाई. त्याच कागदावरून त्यांचा सरकारी टँकर नामंजूर झाला."

शहादेव सर स्वतःच्या चपलांकडं बघत राहिले. साहेबांनी पेन उघडलं, पाण्याच्या रकान्यात 'नाही' लिहिलं आणि कागद सरांपुढं सहीला धरला.

मुक्ता ताट दोन्ही हातांत धरून येत होती. नजर पाण्यावर, पाऊल इवलं-इवलं. आईपाशी पोचल्यावरच तिनं मान वर केली.

"बघ, थेंब बी न्हाई सांडला."

कौशल्यानं ताट हातात घेतलं.

"नीट धर ना आई," मुक्ता म्हणाली. "सांडतंय."