पाचव्या दिवसाचा रिपोर्ट

केमोनंतर धानपट्ट्यातल्या गोरेगावच्या धनवंताबाईच्या पांढऱ्या पेशी सहाशेवर उतरल्या, तेव्हा डॉक्टरांनी पेशी वाढवायची इंजेक्शनं लिहून दिली. ती टोचली की हाडांच्या आत नव्या पेशी भराभर बनायला लागतात आणि हाडं अशी ठणकतात की भलेभले गडी कळवळतात. म्हणून रश्मी सिस्टर रोज विचारायची, "काकू, कंबर दुखते का?"

"नाही व बाई," म्हणत धनवंताबाई निवांत पेज प्यायची.

चार दिवस हेच उत्तर. रश्मीला घोर लागला. औषध लागूच पडलं नाही की काय? पेशी वाढल्या नाहीत, तर पुढची केमो अडणार होती.

पाचव्या दिवशी रिपोर्ट आला. पाच हजार दोनशे! रश्मीनं कागद दोनदा वाचला.

"काकू, खरं सांगा. एकदाही दुखलं नाही?"

"कमरेपासून मांडीपर्यंत ठणकून तं राह्यलं होतं." धनवंताबाईनं मास्क नाकावर नीट बसवला. "पण धानाच्या रोवण्यात दिवसभर वाकून पहिल्या दिवशी बी तेवढंच ठणकते. दुसऱ्या दिवशी चिखलाच्या बांधीत उतरतोच ना आपण? त्याले का दुखणं म्हणतेत?"